दुपट्याला लेस कशाला?

येत्या महिन्यात आमच्या घरी बाळ येणार आहे. मुलगा की मुलगी, यावर कोणाचं काही म्हणणं नाही. वाद आहे तो त्याच्या दुपट्याला क्रोशाची लेस लावायची की नाही, यावर. एका बाजूला माझी आत्या. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम अकोल्याचं जुनं शहर, जयहिंद चौकामागची गल्ली. तिची उभी नोकरी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवण्यात गेली. दुसऱ्या बाजूला माझी वहिनी, माहेर अमरावती. नवजात बाळांच्या वॉर्डात ती परिचारिका आहे, म्हणजे घरीदारी सगळ्यांची 'सिस्टर'. बाळंतपणाला येणारी मुलगी वहिनीची. त्यामुळे आजी होणार वहिनी आणि पणजीचा मान घेणार आत्या. मी दोघींच्या मधे बसून चहा पिणारी. पण लिहून मी ठेवते आहे, तेव्हा अधूनमधून तोंड घालायचा हक्क माझा.

वहिनी : आत्याबाई, खरं सांगा, बाळाला लेसचं काय काम? त्याला ऊब पाहिजे, मऊ कापड पाहिजे, धुतलं की लवकर वाळलं पाहिजे. लेस असते ती बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी.

आत्या : अवं, पाहुण्यासाठीच तं बारसं करतेत नं? बाराव्या दिवशी लेकराले नावाचंही काई काम नसते. हाक मारली तं वळूनही पाहत नाई. तरी ठेवतोच नं आपण नाव?

वहिनी : नाव कुठं टोचत नाही. लेस टोचते.

आत्या : टोचते थे नायलॉनची, बाजारातली. तीन रुपये मीटरवाली. माह्यी सुताची असते. अन् तुले कोणी सांगतलं का लेस शोभेसाठीच असते? कापडाची कड उसवते का नाई? उसवू नये म्हणून काईतरी करा लागते का नाई? मशीननं दुमडून शिवली तं जाड, कडक धार होते. लेकराच्या गालाले काय लागते? मधलं कापड नाई लागत, कडच लागते.

यावर वहिनी जरा थांबली. मुद्दा बिनतोड होता. बाळाला गुंडाळलं की हनुवटीखाली, गालाशी येतो तो काठच. दिवसभरात बाळाच्या कातडीला जे सगळ्यात जास्त घासतं, त्याच्याकडे दुकानदाराचं सगळ्यात कमी लक्ष असतं. तयार दुपट्याची ओव्हरलॉक केलेली कड एकदा स्वतःच्या गालावर फिरवून पाहा. पॉलिएस्टरचा दोरा असतो तो, आणि दहा धुण्यांनंतर तो कापडापेक्षा राठ झालेला असतो.

आत्याची रीत वेगळी आहे, आणि ती नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावरच उभं आहे. दुपटं ९० सेंटिमीटर चौरस. कापड मलमल किंवा जरा जाड हवं असेल तर सुती फ्लॅनेल. ते आधी दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. सुती कापड पहिल्या-दुसऱ्या धुण्यात आटतं, दोरा तेवढा आटत नाही. कोऱ्या कापडावर लेस विणली तर महिनाभरात काठाला चुण्या पडतात. रंगीत दोरा असेल तर वीतभर तोडून ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवायचा. फडक्याला डाग पडला की ती रीळ बाद. मग कड अगदी बारीक, एकच घडी वाटावी अशी वळवायची आणि तिच्यावर सुईनं काज टाका घालत जायचा, दर अर्ध्या सेंटिमीटरला एक. कोपरे सोडून एका बाजूला अशी १८० घरं होतात. इथून क्रोशाची सुई हातात येते, सव्वा मिलिमीटरची, टोक गुळगुळीत झालेली. प्रत्येक घरात दोन मुके खांब, म्हणजे बाजूला ३६०. ही झाली पायाची ओळ. दुसऱ्या फेरीत शिंपले : दोन मुके खांब सोडायचे, तिसऱ्यात पाच खांब घालायचे, पुन्हा दोन सोडायचे आणि सहाव्यात एक मुका खांब घालून शिंपला खाली बांधायचा. सहाच्या पाढ्यात बसतं म्हणून बाजूला बरोब्बर ६० शिंपले, चारी बाजू मिळून २४०.

कोपऱ्याला पायाच्या ओळीत खांब वाढवावे लागतात. कमी पडले तर कोपरा आत वळतो, जास्त झाले तर झालर होऊन उभा राहतो. शाळेत आत्या मुलींचा रुमाल टेबलावर टाकायची आणि हात न लावता फक्त कोपऱ्यांकडे पाहून गुण द्यायची, असं तिच्या जुन्या विद्यार्थिनी अजून सांगतात. कार्यानुभवाच्या त्या तासाला निम्म्या वर्गाचे कोपरे उभे असत.

वहिनी : हे सगळं मान्य. तुमची पायाची ओळ मला आवडली. तिथंच थांबा ना! काज टाका, त्यावर मुके खांब, संपलं. मऊ कड झाली, उसवायची नाही. शिंपले कशाला?

आत्या : अन् भिंत बांधली तं रंग काहाले?

वहिनी : आपल्या अकोल्यात चुना देतात, उन्हानं भिंत तापू नये म्हणून. काहीतरी कारण असतं त्याला.

आत्या : हे पाह्य, तू कारणाची माणूस. मी बिनाकारणाची. लेकरू येते तेच बिनाकारणाचं येते.

वहिनी : आमच्या वॉर्डात नाही येत तसं. तिथं प्रत्येकाची फाइल असते.

दोघींचं एकमत झालं ते अॅक्रिलिकच्या लोकरीवर, आणि तेही दोन वाक्यांत. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथं लुधियानाच्या लोकरीचं ब्लँकेट बाळाला कोणी का गुंडाळावं? अॅक्रिलिक घाम शोषत नाही. घामोळं येतं, बाळ किरकिरतं आणि घरातले म्हणतात, दृष्ट लागली. तरी तशा ब्लँकेटांचा आहेर येतोच येतो, कारण लोकर जाड असते, काम भराभर पुढे जातं आणि फोटोत उठून दिसतं. वहिनीच्या मते नवजात बाळाला जास्त गरम होणं हे गारठण्याइतकंच वाईट. आत्याच्या मते ते 'पंजाबातलं काम, पंजाबातच शोभते.' या विषयावर मलाही वेगळं काही म्हणायचं नाही.

खरी ठिणगी पडली ती पुढे. आत्यानं नमुन्यांचं कापड काढलं. पिवळट पडलेल्या मांजरपाटाच्या लांब पट्टीवर लेसचे तुकडे एकाखाली एक टाचलेले, प्रत्येकाशेजारी निळ्या शाईत क्रमांक. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुलींना दाखवायला तिनं ती पट्टी केली आणि पुढे वाढवत नेली. त्यात शिंपला आहे, पंखा आहे, अननस आहे, जाळी आहे, सात साखळ्यांच्या कमानी आहेत, कमानीच्या टोकाला गाठीचे दाणे आहेत, गोंडे आहेत. बाराव्या क्रमांकाची लेस तिची आवडती : कमानींची तीन पदरी माळ, खाली लोंबते दाणे. बारशाच्या दुपट्याला तीच लावायचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

वहिनी : ही नाही. ही अजिबात नाही.

आत्या : काऊन? एवढी सुंदर हाय.

वहिनी : बोट घाला यात.

आत्या : काय?

वहिनी : तुमची करंगळी घाला या कमानीत. गेली? आता बाळाचं बोट किती असतं ते डोळ्यांपुढं आणा. पायाचं बोट तर उडदाच्या दाण्याएवढं. ते या कमानीत जातं, बाळ पाय झाडतं, पीळ बसतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याला हातपाय आपल्या मनानं सोडवता येत नाहीत. पीळ आवळत जातो. बोटाचं रक्त थांबतं, बोट सुजतं, सुजलं की दोरा मासात रुतून दिसेनासा होतो. घरातल्यांना वाटतं पोट दुखतंय. ग्राइप वॉटर पाजतात.

आत्या : आमच्या वेळी असं कोणाचं झालं नाई.

वहिनी : झालं असेल, कळलं नसेल. मी पाहिलंय, आत्याबाई. एक बाळ आलं होतं, संध्याकाळपासून रडत होतं. कान पाहिले, पोट पाहिलं, ताप पाहिला. शेवटी पायमोजे काढले. आतला सुटा दोरा तिसऱ्या बोटाला दोनदा गुंडाळलेला. भिंगाखाली धरून कापावा लागला. बोट वाचलं. आईचे केसही असे गुंडाळले जातात. बाळंतपणानंतर केस गळतात, ते कपड्यात अडकतात. म्हणून बाळ रडायचं थांबत नसेल तर त्याचे सगळे कपडे काढायचे आणि हातापायांची वीस बोटं एकेक करून पाहायची. आम्ही नव्या मुलींना हे पहिल्या आठवड्यात शिकवतो.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग तिनं चष्मा बदलला, पेन्सिल घेतली आणि नमुन्यांच्या पट्टीवर स्वतःच्या हातानं फुल्या मारायला सुरुवात केली. जाळी, गेली. अननस, गेला. गोंडे ओढले की निघून तोंडात जातात, गेले. मोत्याचे मणी लावलेला एक नमुना होता, तो वहिनीनं बोट दाखवायच्या आधीच गेला. बाराव्या क्रमांकाशी पेन्सिल थांबली. मग तिथंही फुली पडली, बाकीच्यांपेक्षा जरा बारीक.

आत्या : शिंपला राहू दे. शिंपल्यात पाची खांब खेटून उभे असतेत. बोट जात नाई. घालून पाह्य.

वहिनीनं टाचणी घालून पाहिली. मग काडेपेटीतली काडी. काडी गेली नाही.

वहिनी : हं. पण टोकाला दाणे नकोत.

आत्या : दाणे नाई. अन् तीनच्या वर साखयी कुठंच नाई. झालं?

वहिनी : दोरा संपवताना गाठ मारून कापता की कसं?

हा प्रश्न आत्याला लागला. शिवणकामाच्या बाईंना गाठीबद्दल विचारायचं म्हणजे हलवायाला साखर घातली का विचारण्यासारखं. तिनं आधीचं एक दुपटं उलटं करून दाखवलं. दोऱ्याचं टोक चार बोटं लांब ठेवून, बारीक सुईत ओवून, खांबांच्या पोटातून एकदा पुढे आणि मग उलटं मागे नेलेलं. एकाच दिशेनं ओवलेलं टोक धुण्यात सरकून बाहेर येतं, परत फिरवलेलं येत नाही. मी नखानं उचकटून पाहिलं. सापडलं नाही.

वहिनी : छान. आता शेवटचं. झोपताना हे दुपटं बाळावर सुटं टाकायचं नाही.

आत्या : घ्या! मंग काय भिंतीवर टांगू?

वहिनी : बारशाला गुंडाळा, दवाखान्यात लस द्यायला नेताना गुंडाळा, मांडीवर घेऊन बसा. पण झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ सुटं कापड नको. दुपटं असो, उशी असो, नाहीतर मऊ खेळणं. नाकावर आलं तर त्याला बाजूला सारता येत नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सांगते, पहिलं वर्ष सुटं पांघरूणच घालू नका. २०२२ मध्ये त्यांनी ते पुन्हा बजावलं.

आत्या : अमेरिकेत आजी नसते घरी रात्रभर जागायले.

वहिनी : आजी पण डुलकी घेते. मी घेणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

इथं मी पूर्णपणे वहिनीच्या बाजूची आहे. कोणाच्या भावना दुखावतील म्हणून गप्प बसावं असा हा विषय नाही. पण एक सांगते. आत्यानं ज्या चपळाईनं फुल्या मारल्या, ती मला वहिनीच्या सगळ्या ज्ञानापेक्षा कमी वाटली नाही. चाळीस वर्षं शिकवलेल्या नमुन्यांवर काट मारणं सोपं नसतं.

मग गाडी जुन्या कापडावर आली. वऱ्हाडात, आणि वऱ्हाडातच का, सगळ्या महाराष्ट्रात, बाळाचं पहिलं दुपटं नवं नसायचं. आजीच्या नऊवारी लुगड्याचा वापरून-वापरून सायीसारखा झालेला पदर फाडायचा, आजोबांच्या धोतराचं फडकं करायचं. शिवाय बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणून ठेवायचं नाही, ही धास्ती तर अजून आहे. वहिनी रोज किती बाळं हाताळते, तरी तिनं लेकीसाठी अजून एक झबलं विकत घेतलेलं नाही. आत्यानं यातून पळवाट काढली आहे. ती लेसची पट्टी आधी वेगळी विणून ठेवते. पट्टी म्हणजे दुपटं नव्हे, ती कशालाही लावता येते. पायपुसण्यालासुद्धा, ती म्हणते. बाळ सुखरूप आलं की पाचवीनंतर कापड काढायचं आणि पट्टी टाचायची.

वहिनी : पण मग तुमचा तो काज टाका, ती मऊ कड, ती पायाची ओळ? पट्टी वेगळी विणून शिवली तर मधे शिवण येणारच. तीच टोचेल.

आत्या : येते शिवण. पण कापड वर्षात विरते, लेस नाई विरत. मंग उसवायची अन् दुसऱ्या लेकराच्या दुपट्याले लावायची. कडेवर विणली तं कापडासंगं तेही गेली.

वहिनी : म्हणजे दोन्हीपैकी एकच मिळणार. मऊपणा किंवा टिकणं.

आत्या : एकच. तुले काय पाह्यजे थे सांग.

वहिनी : मऊपणा.

आत्या : मले टिकाऊ पाह्यजे.

हा तिढा सुटला नाही. मला तो सुटण्यासारखा वाटतही नाही. एकीला या बाळाचा गाल दिसतो, दुसरीला त्याच्यानंतर येणारी बाळं. वहिनी म्हणाली, लुगड्याचं फडकं घ्या, त्याला ना काठ लागतो ना लेस. आत्या म्हणाली, लुगडं दे आणून. आणि मग दोघींच्याही लक्षात आलं की घरात आता नऊवारी नेसणारं कोणी राहिलेलं नाही. आत्याच्या सहावारी सिंथेटिक आहेत, वहिनीचा ड्रेस रेयॉनचा. जुनं मऊ सुती कापड वऱ्हाडातल्या घरात शोधावं लागावं, हे जरा विचित्रच आहे. पूल ओलांडून मोर्णा नदीच्या पलीकडे गेलं की लागतं ते सगळं शहर एकेकाळी कापसावर उभं होतं. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते ६५, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे अकोल्यावरून पुढे जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मुंबईच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून इकडच्या कापसाला 'उमरा' म्हणत. तो आखूड धाग्याचा, राठ. त्यातून जाडंभरडं कापड निघे, क्रोशाचा तलम पिळाचा दोरा निघत नसे. दोरा यायचा स्कॉटलंडमधल्या पेस्लीहून, कोट्स आणि क्लार्क या दोन घराण्यांच्या गिरण्यांतून. या कंपन्या १८९६ मध्ये एक झाल्या. आत्याच्या डब्यात जहाजाच्या नांगराचं चित्र असलेल्या ज्या रिळा आहेत, ती खूण क्लार्कांची. आता त्या आपल्याच देशात बनतात. जुन्या शहरात मात्र मिळत नाहीत, पूल ओलांडून जावं लागतं.

भांडणाचा शेवटचा भाग पैशाचा, आणि तो सुरू केला वहिनीनं. शेजारच्या गल्लीत बचत गटातल्या एक बाई दुपटी करून विकतात. त्यांनी आत्याला विचारलं होतं, काठ करून द्याल का. आत्यानं दिले करून. फुकट.

वहिनी : का फुकट?

आत्या : शेजारीण हाय. दोन दुपट्यांचे पैसे काय मागायचे?

वहिनी : ती ते विकते, आत्याबाई. अडीचशेला विकते, लेससकट. घेणारीला वाटतं, लेसचं दुपटं अडीचशेलाच मिळतं. मग पलीकडच्या गल्लीतली दुसरी बाई पाचशे सांगते तेव्हा तिला म्हणतात, तुम्ही लुटता. तुमच्या फुकटानं तिचं पोट मारलं.

आत्या : माह्यं काम प्रेमाचं हाय. प्रेमाले भाव लावू?

वहिनी : मी बाळांना प्रेमानं सांभाळत नाही का? पगार घेते तरी.

या वाक्यावर मी चहाचा कप खाली ठेवला.

किती वेळ लागतो, तेही मांडून पाहू. आत्याच्या वेगानं काज टाक्याला तास-सव्वा तास, मुक्या खांबांच्या ओळीला पावणेदोन तास, २४० शिंपल्यांना चार तासांच्या वर. कापड तयार करणं आणि टोकं ओवणं धरलं की आठ तास होतात. एक पूर्ण दिवस. रोजगार हमी ही योजना देशाला महाराष्ट्रानं दिली, कायदा १९७७ चा. २०२४-२५ साली तिची राज्यातली मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, आणि त्या कामाला कसब लागत नाही. अडीचशेच्या दुपट्यातून कापड आणि रीळ वजा करा. उरतं ते खड्डा खणणाऱ्याच्या मजुरीच्या निम्म्यानंही नाही.

आणि हे काम यंत्र करत नाही. ही गोष्ट वहिनीलाही माहीत नव्हती. स्वेटर यंत्रावर होतो, बाजारात मीटरवर मिळणारी 'क्रोशे लेस' यंत्रावर होते, पण ती लेस असते ताणा विणण्याच्या यंत्रावरची, क्रोशासारखी दिसणारी. खरा क्रोशा, एका सुईनं घरात शिरून दोरा ओढून घेणारा, अजून हातानंच होतो. मॉलमधला क्रोशाचा टॉप स्वस्तात मिळत असेल तर कुठंतरी, कोणत्यातरी बाईच्या हाताची किंमत त्यातून कापलेली असते.

आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा मठांतल्या जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकवला आणि त्या लेसच्या पैशावर घरं तगली. म्हणजे हे कसब तेव्हापासून पोटाचं आहे. आपल्या आंध्रात गोदावरीच्या तोंडाशी नरसापूरला मिशनऱ्यांनी हेच काम नेलं. तिथल्या बायकांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. बायका दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत, माल परदेशी जाई, व्यापारी मोठे होत. आणि या बायका काय करतात असं विचारलं तर उत्तर येई : गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात. 'फावला वेळ' म्हटलं की मजुरी मागायची सोय उरत नाही. मी हे सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "शाळेतही तसंच होतं वं. गणिताच्या बाईचा तास हा तास, माह्यावाला तास म्हणजे पोरींचा खेळ. परीक्षा जवळ आली का पहिले माह्या तास काटत."

वहिनी : मग आता तरी काटू देऊ नका.

आत्या : पण घरच्यांकडून नाई घेणार. थे नाई होत माह्याच्यानं.

वहिनी : घरच्यांकडूनच सुरुवात करा. माझ्याकडून घ्या. आजी मी आहे, दुपटं माझ्या नातवंडाचं आहे. मला पावती द्या.

आत्या : पावती! पाह्य वं, तुह्यी वहिनी मले पावती मागून राह्यली.

माझ्याकडे पाहून ती हे म्हणाली, म्हणून माझं मत सांगते. कमानी आणि गोंडे यांवर वहिनी बरोबर. पैशावर वहिनी बरोबर. शिंपल्यांवर आत्या बरोबर. उपयोगाची कड करून थांबणं ज्याला जमतं त्यानं थांबावं, पण ज्या हाताला तो दोनशे चाळीसचा हिशोब येतो, त्याला पायाच्या ओळीशी अडवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. वहिनीला हे पटलेलं नाही. ती म्हणते, शिंपल्यांच्या चार तासांत आत्यानं झोपावं, तिचं ब्लडप्रेशर वाढलंय.

तुमच्या घरी लेसचं दुपटं आलं असेल तर आजच ते उलटं करून टोकं पाहा. सुटलेलं टोक कापू नका, ओवून घ्या. काठात काडेपेटीची काडी शिरत असेल तर ते दुपटं बाळाच्या अंगाला नको, फोटोपुरतं वापरा. आणि ते ज्यांनी विणलं त्यांना विचारा, किती तास लागले.

आत्याचा दर ठरला आहे. ९० सेंटिमीटरचं दुपटं, शिंपल्याच्या काठासकट, साडेसहाशे रुपये. कापड तुमचं असेल तर साडेचारशे, पण कापड दोनदा धुऊन आणायचं. शेजारच्या बचत गटाला हा दर सांगितला आहे, आणि बाईंनी मान हलवली असली तरी अजून ऑर्डर दिलेली नाही. घरच्यांना अजूनही फुकट. वहिनीचा त्यावर आक्षेप कायम आहे.